घराची दिंडी आणि गल्लीची वेस : राऊटरवरील पोर्ट फॉरवर्डिंगसंबंधी काही व्यवहारी विचार

गेल्या काही वर्षांत आमच्या सभासद बंधूंकडून जे प्रश्न वारंवार विचारले जातात, त्यांत दरभाव, हमाली आणि जी.एस.टी. यांच्या जोडीस एका नव्या प्रश्नाची भर पडली आहे. प्रश्न दिसावयास लहान आहे. दुकानात कॅमेरे बसविले. त्यांचे चित्रण साठविणारी डीव्हीआरची पेटी बसविली. हिशेबाचा संगणक आहे, फायबरची जोडणी आहे, राऊटर आहे. दुकानात बसून सर्व काही स्वच्छ दिसते. परंतु घरी जाऊन मोबाइल उघडला की पडदा काळा. कारागिरास बोलवावे, तर तो राऊटरमध्ये काही आकडे भरतो, "पोर्ट फॉरवर्डिंग करून दिले आहे" असे सांगतो व आपली मजुरी घेऊन जातो. दुसऱ्या दिवशी पुन्हा काळोख.

हा प्रश्न हौसेचा आहे असे कोणी समजू नये. आपल्यातील अनेक घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची रीत आजही पाळली जाते. थंडीच्या दिवसांत मालक पाच-साडेपाचलाच घराकडे वळतो, आणि पुढचे दोन-तीन तास पेढी मुनीम व नोकर यांच्या हाती राहते. बेळगावच्या रविवार पेठेतील आडत असो, गणपत गल्लीतील दुकान असो, की निपाणीतील तंबाखूची वखार असो, घरी बसून एकदा नजर टाकता यावी ही इच्छा रास्तच आहे. मुलगा पुण्यास किंवा बेंगळुरूस नोकरीस असतो आणि महिनाअखेरीचा हिशेब तेथूनच पाहून देतो, असाही प्रकार आता घरोघरी आहे. सबब ही गोष्ट कशी चालते, ती कोठे अडते, आणि मुख्य म्हणजे ती चालू करावी की करू नये, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे.

पोर्ट म्हटल्यावर जुन्या पिढीस वेंगुर्ल्याचे बंदर आठवेल. त्या बंदरातून एके काळी बेळगावास माल चढत असे. येथे अर्थ निराळा आहे. जुन्या वाड्याची कल्पना डोळ्यांसमोर आणावी. रस्त्यावर पत्ता एकच. आत मात्र खोल्या अनेक, आणि देवडीवर पहारेकरी. आतील माणूस कामासाठी बाहेर गेला, तर पहारेकरी त्याची नोंद ठेवतो आणि त्याच्या नावाने उत्तर घेऊन आलेल्यास बरोबर त्याच्या खोलीत पोचवितो. परंतु कोणी अनोळखी माणूस आपण होऊन दारी आला, तर त्याला कोणत्या खोलीत पाठवावयाचे हे पहारेकऱ्यास ठाऊक नसल्यामुळे तो त्यास परत लावून देतो. राऊटर हाच तो पहारेकरी होय. आतील यंत्रांचे पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकण्याच्या त्याच्या या कामास तंत्रज्ञ 'नॅट' म्हणतात. या वाड्यास १ पासून ६५,५३५ पर्यंत क्रमांक घातलेल्या दिंड्या आहेत. त्यांनाच पोर्ट हे नाव. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे पहारेकऱ्यास दिलेली लेखी आज्ञा, की अमुक क्रमांकाची दिंडी जो ठोठावील त्यास तमुक खोलीत पाठवावे. आज्ञा एवढीच असते. ती फसण्याची कारणे मात्र बरीच आहेत.

ही पहारेकऱ्याची उठाठेव मुळात का करावी लागली, हेही ऐकण्यासारखे आहे. ज्या १९८१ साली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे आंदोलन गाजले, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेत इंटरनेटच्या पत्त्यांची ती पद्धत लेखी ठरविण्यात आली, जी आजही आपल्या राऊटरवर दिसते : चार आकडे, मध्ये बिंदू. या पद्धतीत एकूण पत्ते ४,२९,४९,६७,२९६ एवढेच होतात. त्या काळी ही संख्या अफाट वाटली. पुढे संगणक घरोघर आले, भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांस इंटरनेट मिळू लागले, नंतर मोबाइल आले, आणि पत्ते पुरेनात. १९९४ साली नॅटची युक्ती मांडली गेली. १९९६ साली काही पत्ते केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले : १० ने आरंभ होणारे सर्व, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे, आणि १९२.१६८ ने आरंभ होणारे. हे पत्ते वाड्यातील खोल्यांच्या क्रमांकांसारखे आहेत. 'खोली क्रमांक पाच' बेळगावातही असते आणि निपाणीतही असते. टपालखात्यास त्याचा उपयोग नाही. जगाच्या मध्यवर्ती कोठारातील पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले, आणि आशिया-पॅसिफिक विभागास त्याच वर्षीच्या एप्रिलपासून नवे पत्ते हात राखून देणे भाग पडले. ही टंचाई लक्षात ठेवावी. आपला काळा पडदा पुष्कळदा तिच्याच पोटी जन्मलेला असतो.

आता दोष शोधण्याची रीत. वखारीतील माल वहीशी जुळला नाही, तर शहाणा व्यापारी प्रथम आपले पोते मोजतो, मग आपली आवक-जावक पाहतो, आणि त्यानंतरच ट्रान्सपोर्टवाल्यास जाब विचारतो. येथेही आतून बाहेर असेच जावे. आमच्या पाहण्यात आलेले बहुतेक कारागीर याच्या उलट वागतात. ते थेट राऊटर उघडतात, जुना नियम पुसतात आणि तोच नवा म्हणून लिहितात.

पहिली परीक्षा दुकानातच करावी. मोबाइल दुकानाच्या वाय-फायला जोडून डीव्हीआरचा आतील पत्ता, समजा १९२.१६८.१.६४, आणि त्याचे पोर्ट देऊन तो उघडतो का ते पाहावे. काही डीव्हीआर ८००० क्रमांकावर ऐकतात, काही ३७७७७ वर. पेटीच्या 'नेटवर्क' या पानावर तो क्रमांक दिलेला असतो. क्यूआर कोड टिपून चालणाऱ्या ॲपने ही परीक्षा करू नये, कारण ते ॲप वेगळ्या वाटेने जाते. आतच उघडत नसेल तर राऊटर निर्दोष आहे. संगणकाच्या बाबतीत विंडोजची स्वतःची फायरवॉल पुष्कळदा आड येते. जोडणी 'पब्लिक' म्हणून नोंदली गेली असेल तर ती अधिक कडक वागते.

दुसरे कारण आपल्या भागात फार आढळते, आणि ते म्हणजे वीज. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस आला की वीज जाते. ती परत आली की राऊटर सर्व यंत्रांस पत्ते नव्याने वाटावयास बसतो. काल ज्या डीव्हीआरला ६४ क्रमांक होता त्यास आज ६७ मिळतो, आणि ६४ क्रमांक मुनिमाच्या मोबाइलकडे जातो. राऊटरमधील आज्ञा मात्र ६४ चीच असते. म्हणजे पाहुणा दिंडीतून आत आला खरा, पण नको त्या खोलीत गेला. "परवापर्यंत चालत होते, आपोआप बंद पडले" अशी तक्रार आली की आम्ही प्रथम हेच विचारतो, की मध्ये वीज गेली होती काय. यावर उपाय असा, की राऊटरच्या डीएचसीपीच्या पानावर त्या यंत्राचा पत्ता कायमचा राखून ठेवावा. प्रत्येक यंत्रास जन्मतः मिळालेल्या मॅक क्रमांकावरून राऊटर त्यास ओळखतो. कित्येक जण हे न करता डीव्हीआरमध्येच पत्ता हाताने लिहितात. तेही चालते. परंतु तसे करताना 'गेटवे' या रकान्यात राऊटरचा पत्ता भरावयास विसरले, तर एक विचित्र प्रकार घडतो : दुकानात सर्व नीट दिसते, बाहेरून आलेली हाकही पेटीपर्यंत पोचते, पण उत्तर कोणत्या दाराने बाहेर पाठवावे हे पेटीस कळत नाही. राऊटर बदलला आणि नव्याचा पत्ता १९२.१६८.१.१ ऐवजी १९२.१६८.०.१ असा निघाला, तर सारेच बिघडते, हे वेगळे सांगावयास नको.

तिसरी गोष्ट म्हणजे खुद्द आज्ञेचा मजकूर. त्यात दिंडीचा बाहेरचा क्रमांक, आतील पत्ता, आतील क्रमांक, आणि टीसीपी की यूडीपी हा वाहतुकीचा प्रकार असे चार रकाने असतात. एक बाहेरचा क्रमांक एकाच यंत्रास देता येतो. दुकान आणि मागील वखार अशा दोन पेट्या असतील तर एकीस ८००० व दुसरीस ८००१ असे बाहेरचे क्रमांक वेगळे करावे. फायबरबरोबर येणाऱ्या पेट्यांत एक खास खोच असते. त्यांत बाहेरच्या जोडण्या एकाहून अधिक नोंदलेल्या असतात : एक इंटरनेटची, एक दूरध्वनीची, आणि एक कंपनीस दुरून पेटीची देखभाल करता यावी म्हणून. नियम लिहिताना त्या यादीतून इंटरनेटचीच जोडणी निवडावी लागते. चुकीची निवडली तर पडद्यावर नियम हिरवा दिसतो व काम मात्र काहीच करीत नाही. तसेच कंपनीने दुरून पेटी नव्याने जुळविली की आपले नियम पुसले जाऊ शकतात. म्हणून त्यांची एक नक्कल कागदावर असावी.

परीक्षा कोठून करावी, यातही पुष्कळ जण फसतात. दुकानाच्या वाय-फायवर बसून दुकानाचाच बाहेरचा पत्ता उघडून पाहिला, तर अनेक राऊटर ते घडू देत नाहीत. वाड्यातच उभे राहून आपल्याच महाद्वाराची कडी बाहेरून वाजविण्यासारखे ते होते. त्यावरून नियम चुकला असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे. मोबाइलचे वाय-फाय बंद करावे आणि सिमच्या जोडणीवरून पाहावे. पोर्ट उघडे आहे की बंद हे सांगणारी संकेतस्थळेही आहेत. पण ज्या वेळी परीक्षा करावयाची त्या वेळी आतील यंत्र चालू असले पाहिजे, नाहीतर दिंडी उघडी असूनही खोलीत उत्तर देणारे कोणी नसल्यामुळे 'बंद' असाच निर्णय येतो.

एवढे सर्व करूनही पडदा काळाच राहिला, तर आपण मूळ दुखण्याशी येऊन पोचलो असे समजावे.

निपाणीतील आमच्या एका सभासदांची हकीकत येथे सांगणे उपयुक्त होईल. त्यांच्या वखारीत माल भरलेला, आणि रात्री एकच राखणदार. कॅमेरे घरून दिसावेत म्हणून त्यांनी एका वर्षात तीन कारागीर बोलाविले आणि दोन राऊटर बदलले. दुसरा तर कोल्हापुराहून मुद्दाम आणविला. प्रत्येकाने नियम बिनचूक लिहिला होता. अखेर कोणीतरी राऊटरचे 'स्टेटस' पान उघडून त्यावरील बाहेरचा पत्ता वाचला. तो १००.७२ ने आरंभ होत होता. मग त्याच जोडणीवरून 'माझा पत्ता काय' हे सांगणारे एक संकेतस्थळ उघडले, तर तेथे सर्वस्वी निराळा पत्ता दिसला. एवढे पाहावयास दोन मिनिटेही लागली नाहीत. आणि तीन कारागिरांची मजुरी व दोन राऊटरांची किंमत ज्यापायी गेली ते कारण उघडकीस आले.

ते कारण असे. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक कंपन्या आता प्रत्येक ग्राहकास स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देत नाहीत. शेकडो ग्राहकांपुढे त्या आपला एक मोठा पहारेकरी बसवितात आणि सर्वांस त्याच्या एका पत्त्यामागे ठेवतात. यास 'कॅरिअर ग्रेड नॅट' म्हणतात, आणि एप्रिल २०१२ मध्ये याच कामासाठी १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे सुमारे ४२ लक्ष पत्ते जगभर राखून ठेवण्यात आले. आपल्या वाड्याच्या भाषेत सांगावयाचे तर आपण आपली दिंडी उघडली, पण गल्लीलाच वेस आहे, वेशीचे दार बंद आहे, आणि त्याची किल्ली कंपनीकडे आहे. आपल्या पहारेकऱ्यास कितीही आज्ञा दिल्या तरी पाहुणा त्याच्यापर्यंत येतच नाही. राऊटर बदलून काय होणार?

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की एक पैसाही खर्च करण्यापूर्वी हे दोन पत्ते ताडून पाहावेत. दोन्ही सारखे असतील तर वेस नाही. दोष आपल्या घरात आहे, आणि वर सांगितलेल्या रीतीने तो सापडतो. राऊटरवरील पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान असेल तर वेस कंपनीची. तो १०, १७२.१६ ते १७२.३१, किंवा १९२.१६८ असा असेल तर आणखी एक शक्यता तपासावी : कंपनीची पेटी आणि आपण विकत घेतलेला राऊटर, असे दोन पहारेकरी एकामागे एक आपल्याच दुकानात बसले असावेत. तसे असेल तर कंपनीस सांगून तिची पेटी 'ब्रिज' पद्धतीवर टाकून घ्यावी, म्हणजे ती केवळ तार पुढे देणारी होते आणि पहारा एकट्या आपल्या राऊटरकडे राहतो. ते जमत नसेल तर दोन्हीकडे नियम लिहावा. पहिल्याने दुसऱ्याकडे पाठवावे, दुसऱ्याने डीव्हीआरकडे. आणि हो, 'माझा पत्ता' सांगणाऱ्या संकेतस्थळाने आपले गाव मुंबई किंवा बेंगळुरू दाखविले तर घाबरून जाऊ नये. आमच्या सीमाभागातील माणसास आपले गाव नकाशावर भलतीकडे दाखविले जाण्याची सवय आहेच. येथे त्याचा अर्थ इतकाच, की कंपनीची वेस त्या शहरात आहे किंवा तो पत्ता त्या शहराच्या नावे नोंदला आहे.

वेस कंपनीची निघाल्यास कंपनीस दोनच गोष्टी विचाराव्यात. माझ्या जोडणीस सार्वजनिक पत्ता मिळेल काय, आणि तो स्थिर असेल की बदलता? 'इंटरनेट चालत नाही' अशी तक्रार नोंदवू नये. कंपनीचा माणूस येतो, इंटरनेट चालत आहे असे पाहतो आणि तक्रार निकालात काढतो. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला की हिंदीत. 'पब्लिक आयपी' हे दोन शब्द मात्र तसेच उच्चारावेत. स्थिर पत्त्यास बहुधा वेगळे शुल्क पडते आणि कित्येकदा तो व्यापारी जोडणीवरच मिळतो. बदलता सार्वजनिक पत्ता मिळाला तरी काम भागते. 'डायनॅमिक डीएनएस' नावाच्या सेवेत एक नाव घेऊन ठेवावे, म्हणजे पत्ता बदलला तरी नाव तेच राहते. काही कंपन्या ८० सारखे ठरावीक क्रमांक आपल्या जाळ्यातच अडवितात. अशा वेळी बाहेरचा क्रमांक दुसरा घ्यावा. सिमवर चालणाऱ्या राऊटरकडून मात्र फारशी आशा धरू नये. तेथे वेस बहुधा असतेच.

येथवर आम्ही दार कसे उघडावे ते सांगितले. आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला ती सांगतो. उघडलेल्या दिंडीतून आत येणारा पाहुणा आपणच असू, असा नियम नाही.

रात्री वखारीचे दार उघडे राहिले तर ते शेजारच्या दोन-चार माणसांस कळते. इंटरनेटवर उघडे राहिलेले पोर्ट साऱ्या जगास कळते, कारण सर्व पत्ते आणि सर्व दिंड्या अखंड चाचपून पाहणारी यंत्रे जगभर चालू आहेत. २०१६ साली 'मिराई' या नावाचा एक प्रोग्राम असेच पत्ते चाचपीत फिरला. त्याच्याजवळ कारखान्यातून पेटीबरोबर येणाऱ्या नाव व परवलीच्या शब्दांच्या साठेक जोड्या होत्या. त्यापलीकडे विद्या फारशी नव्हती. एवढ्या भांडवलावर त्याने जगभरचे लक्षावधी कॅमेरे, डीव्हीआर व राऊटर आपल्या ताब्यात घेतले, आणि २१ ऑक्टोबर २०१६ रोजी त्यांच्याच एकत्रित माऱ्याने अमेरिकेतील डिन या कंपनीची सेवा कोलमडून ट्विटर व नेटफ्लिक्ससारखी मोठी संकेतस्थळे काही तास अनेकांस दिसेनाशी झाली. ज्यांच्या दुकानातील पेट्या त्या माऱ्यात सामील होत्या त्या दुकानदारांस त्याचा पत्ताही नव्हता. परवलीचा शब्द 'ॲडमिन' किंवा '१२३४५६' असलेली पेटी आमच्या बाजारपेठेतही सापडेल, हे सांगावयास ज्योतिष लागत नाही.

कॅमेऱ्याहून मोठे भय हिशेबाच्या संगणकाचे आहे. पुण्याचा मुलगा दुकानातील टॅली पाहू शकावा म्हणून कित्येक कारागीर विंडोजची 'रिमोट डेस्कटॉप' ही सोय ३३८९ या क्रमांकावर सरळ जगास खुली करून देतात. हे करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. या सोयीत २०१९ साली असा एक दोष उघडकीस आला, की परवलीचा शब्द ठाऊक नसतानाही परक्यास संगणकात शिरता यावे. तो इतका गंभीर होता की मायक्रोसॉफ्टने ज्या जुन्या विंडोज एक्सपीची जबाबदारी पूर्वीच सोडली होती तिच्यासाठीही दुरुस्ती काढली. दोष दुरुस्त झाला तरी परवलीच्या शब्दांचा मारा चालूच असतो. क्रमांक ३३८९ ऐवजी दुसरा घेतल्याने चोरास थोडा वेळ अधिक लागतो, इतकेच. आत शिरलेला चोर तिजोरी फोडीत नाही. तो खतावणी कुलूपबंद करतो आणि किल्लीचे मोल मागतो. यासच रॅन्समवेअर म्हणतात. उधारीची येणी, मालाची शिल्लक, जी.एस.टी.च्या नोंदी, सर्व काही त्या एका संगणकात असते. कागदी वह्या होत्या तेव्हा आग लागली तरच त्या एकदम जात. आता त्या एका रात्रीत जाऊ शकतात, आणि सकाळी दुकान मात्र जसेच्या तसे उभे असते. यास्तव दर आठवड्यास हिशेबाची नक्कल वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून काढून घरच्या कपाटात ठेवावी. जोडून ठेवलेली डिस्कही त्याच रात्री कुलूपबंद होते.

असा प्रसंग ओढवलाच, तर केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे तो लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत तिला कळविणे व्यापारी संस्थांवर बंधनकारक आहे. आणि पैशाची फसवणूक झाली असेल तर १९३० या क्रमांकावर त्वरित दूरध्वनी करावा. उशीर केला तर रक्कम अडवून धरणे कठीण होते.

मग घरून पाहावयाचेच नाही काय? तसे नव्हे. वाट उलट करावी. आरंभी सांगितल्याप्रमाणे, आतून बाहेर गेलेल्या माणसाचे उत्तर पहारेकरी अडवीत नाही, आणि कंपनीची वेसही अडवीत नाही. डीव्हीआरचे क्यूआर कोडचे ॲप याच वाटेने चालते : पेटी आपण होऊन निर्मात्याच्या सर्व्हरशी बोलते, आपला मोबाइलही त्याच सर्व्हरशी बोलतो, आणि दोघांची गाठ तेथे पडते. केवळ कॅमेरे पाहावयाचे असतील तर हे पुरेसे आहे. मात्र आपले चित्र निर्मात्याच्या सेवेवर विसंबते, हे समजून ते घ्यावे. हिशेबासाठी याहून चांगली वाट म्हणजे व्हीपीएन. दुकानातील एक यंत्र आणि मुलाचा संगणक यांच्यामध्ये एक बंद बोगदा तयार होतो, आणि ज्याच्याकडे त्याची गुप्त किल्ली आहे तोच त्यात शिरतो. सार्वजनिक पत्ता असेल तर पुष्कळ नव्या राऊटरांत वायरगार्ड नावाचा असा बोगदा उभारण्याची सोय असते. त्यासाठी एकच यूडीपी दिंडी उघडावी लागते, आणि किल्ली नसलेल्या परक्यास ती दिंडी काहीच उत्तर देत नसल्यामुळे तेथे दार आहे हेही त्यास समजत नाही. वेस कंपनीची असेल तर टेलस्केलसारखी सेवा दोन्ही टोकांस आतून बाहेर काढून त्यांची गाठ घालून देते. निपाणीच्या त्या सभासदांनी अखेर हाच मार्ग स्वीकारला. त्यांच्या राऊटरमध्ये आज पोर्ट फॉरवर्डिंगचा एकही नियम नाही, आणि वखार घरून दिसते.

ज्यांस नियम ठेवावाच लागतो त्यांनी परवलीचा शब्द लांब व वेगळा ठेवावा आणि डीव्हीआरचे नवे फर्मवेअर मिळत असल्यास घालून घ्यावे. 'डीएमझेड' हा पर्याय वापरू नये. तो एक दिंडी नव्हे, साऱ्या दिंड्या एकाच यंत्राकडे वळवितो. कारागीर घाईत असला की त्याचा हात नेमका तिकडेच जातो. राऊटरमधील 'यूपीएनपी' ही सोयही बंद करावी, कारण तिच्या आधाराने आतील यंत्रे मालकास न विचारता स्वतःच दिंड्या उघडून घेतात. डीव्हीआर मोडीत काढला तर त्याच्या नावाचा नियमही त्याच दिवशी पुसावा. नाहीतर तो पत्ता पुढे ज्या यंत्रास मिळेल त्याचे दार आपोआप उघडे राहील. आमचे काही सभासद दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी जुन्या वह्या आवरताना राऊटरमधील नियमांची यादीही नजरेखालून घालतात. ती रीत आम्हांस आवडली.

पत्त्यांची टंचाई कायमची दूर करणारी नवी पद्धत, आयपीव्ही६, आपल्याकडे बरीच रुळली आहे. २०१६ नंतर मोबाइलच्या जाळ्यांतून ती भारतात झपाट्याने पसरली, आणि आपला देश त्या बाबतीत आज जगात आघाडीवर गणला जातो. तीत प्रत्येक यंत्रास स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो. वेस नाही आणि फॉरवर्डिंगही नाही. तेथे राऊटरच्या फायरवॉलमध्ये एका यंत्राच्या एका क्रमांकास परवानगी द्यावयाची, की झाले. मात्र डीव्हीआर, राऊटर व पाहणाऱ्याचा मोबाइल या तिघांसही ही पद्धत उमगली पाहिजे, आणि जुन्या डीव्हीआरना ती बहुधा उमगत नाही. नवा राऊटर घेताना विक्रेत्यास एवढे अवश्य विचारावे, की आयपीव्ही६ च्या फायरवॉलमध्ये एकेका यंत्रापुरती परवानगी देता येते काय. काही स्वस्त पेट्यांत ती सोय 'सर्व बंद' किंवा 'सर्व खुले' एवढीच असते. तशी पेटी घरी पोरांच्या खेळास चालेल. पेढीस घेऊ नये.